पाहणी चालू

ते एखाद्या भिंतीकडे बघत उभे राहिले की मला घाम फुटायचा. त्यानंतर काय होणार हे ठरलेलं असे. आधी ते चष्मा काढून धोतराच्या नव्हे, माझ्याच रुमालाच्या टोकाला पुसणार (ते पॅंट घालत आणि स्वतःचा रुमाल घरी विसरत), मग एक डोळा मिटणार, मग शर्टाच्या खिशातून खडू काढणार. लोक खिशाला पेन लावतात तसे ते तीन खडू ठेवत. पांढरा म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे नापास. सगळी नोकरी त्यांनी फॅक्टरीच्या तपासणी विभागात काढली होती. निवृत्त झाल्यावर फॅक्टरी सुटली, पण खडू काही सुटले नाहीत. ते पुढे आमच्या नगरपालिकेच्या वाट्याला आले, आणि नगरपालिकेत जे नकोसं असतं ते शेवटी कारकुनाच्या टेबलावर येतं, तसे माझ्या.

अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या आमच्या पट्ट्यात तेव्हा नगरपालिकांची सारखी जोडतोड चाले. आज या गावाला त्या शहरात घाल, उद्या बाहेर काढ. नव्वदीच्या सुरुवातीला आमची नगरपालिका अशीच पुन्हा सुटी झाली, आणि नव्या संसारात लोक हौसेनं भांडी घेतात तशा आम्ही समित्या घेतल्या. त्यात एक ‘कला व वारसा समिती’. मंडळांना आणि मोहल्ल्यांना भिंती रंगवायच्या असतील तर मदत करायची, रांगोळीची प्रदर्शनं आणि व्याख्यानं भरवायची आणि गावातल्या जुन्या वस्तूंची यादी करायची, असं तिचं काम. सचिव म्हणून माझी नेमणूक झाली, कारण माझं अक्षर बरं होतं. अध्यक्ष म्हणून ते आले, त्याची कथा वेगळी आहे.

नगरपालिकेच्या बागेत सिमेंटचा एक हंस होता. त्याची मान ओळंब्यात नाही, म्हणजे सरळ उभी नाही, अशी लेखी तक्रार त्यांनी केली. उत्तर आलं नाही म्हणून दुसरी केली. तिसऱ्या तक्रारीला हंसाचं मोजमाप जोडलं होतं. पाचव्या तक्रारीनंतर नगराध्यक्ष म्हणाले, ‘‘या माणसाला कुठल्या तरी समितीत घ्या रे, म्हणजे तो स्वतःलाच पत्रं लिहील.’’ सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा मला कल्पना नव्हती की ते खरोखरच स्वतःला पत्रं लिहितील, आणि ती टाइप मला करावी लागतील.

समितीत आणखी तीन सदस्य होते. ते चहाला येत आणि चहा संपल्यावर जात. उरायचो आम्ही दोघं. मी त्यांना साहेब म्हणायचो. ते मला ‘अहो सेक्रेटरी’ म्हणत, आणि त्यात अशी काही जरब असे की खुर्चीतून उठावंच लागे. खुर्चीचंही सांगतो. पहिल्याच बैठकीला त्यांनी माझ्या खुर्चीचा पाय हलवून पाहिला आणि त्यावर लाल फुली मारली. त्या दिवसापासून शिपाई मला त्या खुर्चीत बसू देईना. ‘‘साहेबांनी रिजेक्ट केलीय,’’ म्हणाला. दुसरी खुर्ची यायला दोन महिने लागले. तेवढे दिवस मी रंगाच्या डब्यावर बसून वारसा सांभाळला.

घरीही त्यांचा हाच खाक्या. एकदा जेवायला थांबवून घेतलं. ताटात एकच पोळी आली आणि काकू दारात उभ्या राहिल्या. साहेबांनी पोळी उजेडात धरली, उलटली, मान हलवली. मगच आतून लाटण्याचा आवाज सुरू झाला. काकू मला म्हणाल्या, ‘‘लग्न झालं तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचं आहे. आता मीच पहिली पोळी वाईट करते. तेवढीच त्यांना करमणूक.’’ मला त्या माउलीबद्दल अपार आदर वाटला, आणि माझं तर लग्नही नव्हतं झालं त्यांच्याशी, तरी मी हे का सोसतोय असंही वाटलं.

त्यांचं एक वाक्य होतं. कुणी काहीही सांगितलं की विचारायचे, ‘‘तुम्ही स्वतः पाहिलंत?’’ नाही म्हटलं की विषय संपला. नोकरीत न पाहिलेल्या मालावर आपण कधी सही केली नाही, हे ते इतक्यांदा सांगत की त्यांच्या त्या न केलेल्या सह्यांचा मला कंटाळा आला होता.

समितीच्या मदतीची एक पद्धत होती. आम्ही रंग, परांचीचे बांबू आणि परवानगीचा कागद देत असू. बाकी कष्ट मंडळाचे. साध्या माणसानं हे एका दिवसात उरकलं असतं. साहेबांनी त्यात दोन कलमं घातली. एक, भिंत ज्यांच्या दारासमोर आहे त्यांना आधी विचारायचं, कारण रोज बघणार ते. दोन, पूर्ण भिंतीला हात लावण्यापूर्वी हातभर नमुना रंगवून दाखवायचा. ऐकायला फार छान वाटतं. पण ती दारं ठोठावत कोण फिरणार? अर्थात सचिव.

उल्हासनगरच्या कॅम्प चारला लागून, आमच्या हद्दीत, एका शाळेची लांबलचक कंपाउंड भिंत होती. तिच्यावर ‘आपले गाव’ असं चित्र काढायचं ठरलं. पेंटर कॅम्प चारमधलाच, दुकानांचे बोर्ड रंगवणारा एक सिंधी गृहस्थ. हात सफाईदार होता. त्यानं नमुन्यात डोंगर काढला, झाड काढलं, खाली निळीशार नदी काढली. साहेब आले, चष्मा पुसला, एक डोळा मिटला आणि नदीवर लाल फुली मारली.

‘‘नदी निळी नाही,’’ साहेब म्हणाले.

‘‘साईं, नदी तो निळी ही होती है,’’ पेंटर म्हणाला. ‘‘सारे हिंदुस्तान में निळी होती है.’’

‘‘आपली तुम्ही स्वतः पाहिलीत?’’

पेंटरनं पाहिली होती. रोज पूल ओलांडूनच तो येत होता. वरच्या अंगाला कुठेतरी कापड रंगत असे आणि खाली नदी. त्यानं मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी ऑफिसला येताना पुलावर थांबून नदीचा रंग बघायचा आणि पेंटरला कळवायचा, अशी जबाबदारी माझ्यावर आली. सोमवारी लाल. मंगळवारी हिरवट. बुधवारी जांभळ्याच्या जवळपास. गुरुवारी पेंटरनं ब्रश खाली ठेवला आणि मला हात जोडले.

‘‘बाबूजी, परसों हरा बोला, कल जामुनी बोला. मैं बोर्ड बनाता हूँ, टीव्ही नहीं बनाता. इनको बोलो एक फायनल करे.’’

साहेबांनी फायनल केलं नाही. समोरच्या दारांमधली मंडळी बोलावली आणि त्यांना विचारलं. एक इस्त्रीवाली बाई म्हणाली, ‘‘जसी हाय तसी काडा. आमी काय आंधले हाव?’’ झालं. भिंतीवर नदी सात पट्ट्यांत वाहू लागली, वाराप्रमाणे. लोक लांबून बघायला येत. वरून एक मोठे अधिकारी पाहणीला आले तेव्हा त्यांनाही ती दिसली आणि त्यांनी मुख्याधिकाऱ्यांना विचारलं की हे काय आहे. मुख्याधिकाऱ्यांनी मला विचारलं. माझा पहिला मेमो तो. साहेबांना दाखवला तर म्हणाले, ‘‘मजकूर बरोबर आहे, पण शिक्का तिरका बसलाय.’’ आणि त्यावर पिवळी खूण केली.

हे सगळं मी हसत सांगतोय, पण तेव्हा हसू येत नव्हतं. आणि खरी कसोटी पुढे होती.

आमच्या हद्दीच्या टोकाला, बदलापूरच्या बाजूला, भातशेतीच्या कडेला आगरी लोकांचं एक जुनं गाव आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, का ते पुढे कळेल. गावाच्या तोंडाशी भेंडीच्या मोठ्या झाडाखाली (भाजीची भेंडी नव्हे, पिंपळासारख्या पानांची) कंबरेएवढी एक मूर्ती उभी होती. मूर्ती म्हणायची ती सवयीनं. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर आणि तेल चढून चढून तिचा आकार पुरता हरवला होता. वर गोल, खाली गोल, आणि वरच्या गोलात दोन चांदीचे डोळे बसवलेले. आत काय आहे ते गावातल्या कुणालाच माहीत नव्हतं. ते तिला ‘आय’ म्हणत. लग्नाची पहिली अक्षत तिला, नवं भात तिला, फॅक्टरीत लागलेल्या पोराचा पहिला पेढा तिला.

तिला शेंदूर लावण्याचा मान एका घराचा होता आणि त्या घरात आता एक म्हातारी ते करी. सगळे तिला बाय म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनला तयार नाही. पण शेंदूर लावताना तिची बोटं कुठे चुकत नसत.

या गावावरून नवा रस्ता जाणार होता आणि नकाशावरची रेघ बरोबर भेंडीच्या झाडातून गेली होती. बांधकाम विभागाचं म्हणणं सोपं होतं. दगड उचलून बागेत आणून ठेवू, हंसाच्या शेजारी. बाय हे ऐकून जेवली नाही, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सुनेच्या खांद्याला धरून आमच्या ऑफिसात आली आणि माझ्या टेबलाला हात लावून विचारू लागली, ‘‘आय कुटं नेतान माजी? मना बी नेतान का बरोबर?’’

मूर्ती वाचवायचा एक मार्ग होता, आमची वारसा यादी. यादीत आलेल्या जागेला बांधकाम विभागानं हात लावायचा नाही, रस्ता वळवायचा. पाहणी चालू असेल तोवरही थांबायचं. यादीत रकाने होते: ठिकाण, मोजमाप, वर्णन, आणि पाहणी करणाऱ्याची सही. मी साहेबांना म्हटलं, ‘‘वर्णनात ‘वीरगळ’ लिहू. जुन्या लढाईत पडलेल्या कुणा वीराचा दगड. सगळीकडे असतात, इथंही असेल.’’

‘‘तुम्ही पाहिलात वीर?’’

‘‘नाही, पण—’’

‘‘मग त्याला कशाला मारता?’’ असं म्हणून त्यांनी वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, ‘पाहणी चालू’.

ती पाहणी तीन वर्षं चालली. दर मंगळवारी समितीची बैठक उरकली की आम्ही दोघं रिक्षा करून त्या गावाला जायचो. बाय ओटीवर बसलेली असे. सून चहा आणी. चहा झाला की साहेब विचारत, ‘‘आज?’’

‘‘नाय,’’ बाय म्हणे.

पहिल्या वेळी मी मध्ये पडलो होतो. थोडासाच शेंदूर काढू, खालचं कोरीवकाम बघू, लगेच पुन्हा लावू, तुमच्याच भल्यासाठी आहे, असं बरंच बोललो. बायनं माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं.

‘‘आयचे आंगावरचा कपरा कुनी कारतं का रं?’’

साहेब म्हणाले, ‘‘नाही काढत.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काही नाही. थांबतो. तिचं तिला वाटेल तेव्हा बघू.’’

मी कपाळाला हात लावला. म्हणजे ही म्हातारी शेंदूर काढू देणार नाही, हा म्हातारा पाहिल्याशिवाय लिहिणार नाही, आणि या दोघांच्या मध्ये मी, दर आठवड्याला मुख्याधिकाऱ्यांना तोंड द्यायला. ते केबिनमध्ये बोलावत आणि विचारत, ‘‘एक दगड बघायला किती दिवस लागतात हो?’’ मी सांगे, ‘‘पाहणी चालू आहे, सर.’’ दुसरा मेमो त्याच उत्तराबद्दल.

मधल्या काळात समितीनं एक व्याख्यान ठेवलं. मुंबईहून एक संशोधक बाई आल्या होत्या, पडद्यावर स्लाइड दाखवत होत्या. वारसा म्हटलं की आमच्याकडे लोकांना एक शिवमंदिर आठवतं आणि तिथंच वारसा संपतो. बाईंनी मात्र आसपासच्या तालुक्यांतले रानात पडलेले दगड दाखवले. त्यांत एक होता गधेगाळ. जुन्या काळी राजा कुणाला जमीन दान देई तेव्हा असा दगड रोवत. वर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत हे दान. मध्ये लेख. आणि खाली, जो कुणी हे दान मोडेल त्याच्या आईसाठी एक शिवी. अक्षरांत नव्हे, चित्रात. एक बाई आणि एक गाढव. याहून अधिक मी लिहीत नाही. स्लाइड पडद्यावर आली तशी मागच्या रांगांतून शिट्ट्या पडल्या. बायका खाली बघू लागल्या. चहापुरते येणारे आमचे एक सदस्य त्या दिवशी नेमके थांबले होते. ते उठून म्हणाले, असले घाण दगड फोडून टाकायला पाहिजेत. संशोधक बाई शांतपणे म्हणाल्या की हे दगड दुर्मीळ आहेत, तुमच्या भागात एखादा सापडला तर मला जरूर कळवा, वर्तमानपत्रातही देऊ.

साहेबांनी फक्त एक विचारलं, ‘‘हा तुम्ही स्वतः पाहिलात?’’ बाई हो म्हणाल्या. साहेब खाली बसले.

तिसऱ्या वर्षी मुख्याधिकारी बदलले. नव्यांनी आल्या आल्या सांगितलं की या महिन्याच्या अखेरीला यादी बंद. वर्णनाचा रकाना ज्याचा अपुरा असेल ती नोंद रद्द, आणि दुसऱ्या दिवशी बांधकाम विभागाची माणसं झाडाखाली. मी साहेबांना त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. विनवणी केली. शेवटी आवाजही चढवला, जो त्यांच्यासमोर मी कधी चढवला नव्हता.

‘‘एक शब्द लिहायचाय, साहेब! वीरगळ! चार अक्षरांसाठी त्या बाईची आई हंसाशेजारी जाऊन बसणार आहे, तुम्हाला चालतं का?’’

‘‘नाही चालत,’’ ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. ‘‘पण मी वीर पाहिला नाही, सेक्रेटरी.’’

मी चपला घातल्या आणि त्यांचा निरोप न घेता निघालो. जिन्यात काकू म्हणाल्या, ‘‘रात्री झोपत नाहीत हो ते,’’ पण मी थांबलो नाही. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

महिना संपायला चार दिवस उरले होते. वैशाखातली दुपार, ऑफिसातला पंखासुद्धा दमलेला. बायची सून धापा टाकत दारात आली. ‘‘सासू बोलावतेय. आयनं आंगावरचं टाकलं.’’

असं होतं म्हणतात. शेंदूर फार जड झाला, ऊन फार तापलं, की कवच आपोआप तडकतं आणि गळून पडतं. देवीनं अंगावरचं टाकलं असं लोक समजतात. पडलेलं कवच नदीत सोडायचं आणि दिवस मावळायच्या आत नवा शेंदूर चढवायचा. तोवर गावातला कुणी पुरुष समोर जात नाही, आणि बायकाही मान खाली घालतात. बायच्या सासूच्याही हयातीत हे झालेलं नव्हतं.

साहेबांना घरून रिक्षात घेऊन मी गावाला पोचलो तेव्हा भेंडीच्या बुंध्याभोवती बायनं लुगड्यांचा आडोसा केला होता. आत ती एकटी बसली होती. मांडीवर दोन चांदीचे डोळे, समोर वाटीत शेंदूर. आमची चाहूल लागली तशी म्हणाली, ‘‘ये इस्पेटर. तीन वरसां थांबलास. आयनं तुजा आयकला. गावचे कुनी बगायचा नाय, पन तू बग. आनि बगून मना सांग.’’

आम्ही आत गेलो. समोरची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी पडली होती, तेलानं काळी, चकचकीत. वर चंद्र आणि सूर्य. मध्ये झिजलेल्या अक्षरांच्या तीन-चार ओळी. आणि त्याखाली तेच. पडद्यावर ज्याला शिट्ट्या पडल्या होत्या, तेच.

कुणा राजानं कुणाच्या तरी आईला दिलेली शिवी, आणि तिलाच या गावानं आई केलं होतं. लेकी सासरी जाताना हिच्या पायांवर डोकं ठेवून रडल्या होत्या. आता वर्णनाच्या रकान्यात खरं लिहिलं की दगड नक्की यादीत येणार, रस्ता नक्की वळणार. संशोधक बाई येणार, फोटो निघणार, वर्तमानपत्रात छापून येणार, आणि मग ते सगळं वाचून गावात कोण कुणाच्या तोंडाकडे बघणार? आणि लिहिलं नाही, तर चार दिवसांनी कुदळी. मी साहेबांकडे पाहिलं. हा माणूस पाहिलेलं लिहिणार. नदी लाल असेल तर लाल, हिरवी असेल तर हिरवी.

साहेबांनी टेप काढली. उंची घेतली, रुंदी घेतली, जाडी घेतली आणि मला सांगितली. मी वहीत लिहिली. मग चष्मा काढला. या वेळी माझा रुमाल मागितला नाही, नुसताच हातात धरून उभे राहिले. मग वाकून माझ्या हातातली वही घेतली, लुगडं बाजूला सारलं आणि चालते झाले.

नेहमीप्रमाणे निस्तरायला मी मागे. या माणसानं इतकी वर्षं मला असंच अर्ध्यावर सोडलं होतं, पण आजच्यासारखं कधीच नाही. बायनं चाचपत माझं मनगट पकडलं. तिला वाटलं साहेबच आहेत. मग घड्याळाचा पट्टा लागला (साहेब घड्याळ घालत नसत) आणि तिला कळलं.

‘‘त्यो गेला?’’

‘‘बाहेर आहेत.’’

‘‘मंग तू सांग. कशी हाय माजी आय?’’

‘‘वर चंद्र आहे,’’ मी म्हटलं. ‘‘आणि सूर्य. दोन्ही आहेत. अगदी स्पष्ट.’’

‘‘आनि तोंड?’’

तिची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. शेंदराचं तेल माझ्या हाताला लागत होतं. ऐंशीच्या घरातली ती बाई, मोतीबिंदूनं पांढरे झालेले डोळे माझ्याकडे लावून, आपल्या आईचा चेहरा विचारत होती. मी कारकून माणूस. मला कसलं सुचतं.

‘‘तुमच्यासारखं आहे,’’ मी म्हणालो.

‘‘माजेसारका?’’

‘‘हो. म्हातारी आहे. गालांना सुरकुत्या आहेत.’’

आणि ती जी हसली म्हणता, दात नसलेलं तोंड उघडून, अंग हलवून. ‘‘म्हातारी झाली आय! म्हातारी होवाचीच. माजे सासूचे सासूची आय ती!’’ हसता हसता तिनं डोळे पुसले, वाटी जवळ ओढली आणि खालच्या बाजूनं, पायापासून, शेंदूर लावायला सुरुवात केली. मी पाठ फिरवली आणि ती शेवटचा हात फिरवेपर्यंत तसाच उभा राहिलो.

बाहेर आलो तेव्हा साहेब बांधावर बसले होते. वही मांडीवर, रकाना कोरा. मला त्यांच्याशी बोलायची इच्छा नव्हती. पण त्यांनी विचारलं, ‘‘काय सांगितलंत तिला?’’

मी सांगितलं. शब्द न्‌ शब्द सांगितला, आणि वर म्हटलं, ‘‘खोटं सांगितलं मी, साहेब. तुम्ही पाहिलंय काय आहे ते. लिहा तुम्हाला काय लिहायचं ते, मला मेमो द्या, काय वाटेल ते करा.’’ माझा आवाज फुटला होता, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

त्यांनी पेन उघडलं आणि नकाशावर लिहितात तशा त्यांच्या सुट्या, ताठ अक्षरांत वर्णनाचा रकाना भरला. मग वही माझ्यापुढे धरली. मी वाचलं: ‘वर चंद्र व सूर्य. खाली वृद्ध स्त्री, गालांवर सुरकुत्या. मुद्रा प्रसन्न.’

मी दोनदा वाचलं. ‘‘प्रसन्न मी म्हणालो नव्हतो,’’ मी म्हटलं.

‘‘ती हसली ते मला इथवर ऐकू आलं,’’ साहेब म्हणाले, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी पूर्ण नावानिशी सही केली.